यंत्रगुरुजींची छडी

२० नोव्हेंबर १९७८, सोमवार
दिवाळीनंतर आज शाळा उघडली. हजेरीपट घेऊन वर्गावर निघालो तोच शिपाई आडवा आला. हेडमास्तरांनी बोलावलंय. हेडमास्तर (यापुढे हे.मा., एवढं मोठं पद रोज लिहायला माझ्याकडे शाई नाही) सुट्टीत पुण्याला मेव्हण्याकडे गेले होते. तिथं कुठल्याशा साप्ताहिकात जपानी यंत्रमानव पाहून आले. कात्रण टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलंय. ५ आणि ६ जानेवारीला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन, विषय 'शैक्षणिक साधने'. आपल्या शाळेकडून मुलांनी बनवलेला, शिकवणारा यंत्रमानव गेला पाहिजे म्हणाले.

सांगितलं, सर, प्रयोगशाळेत परीक्षानळ्या दोन उरल्यात, त्यातली एक तडकलेली. तर म्हणे, इच्छा असली की सगळं होतं. इच्छा त्यांची, करायचं मी.

२१ नोव्हें., मंगळ
हुशार मुलं मागितली. अ तुकडीला अभ्यास असतो म्हणे, तिला हात लावायचा नाही. मला नववी क मधली तीन मिळाली. दिगंबर दुधनीचा, इथं सोलापुरात शुक्रवार पेठेत मामाकडे राहतो. कानडी, मराठी दोन्ही भाषांत अखंड बोलतो आणि दोन्हींत अभ्यास करत नाही. मेहबूबच्या भावाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. हात बरा, शाळेचा कंटाळा, नववीत दुसऱ्यांदा. तिसरी भाग्यलक्ष्मी, भवानी पेठेतली, तीही दुसऱ्यांदा. घरी तेलगू. तिचा आवाज मी दीड वर्षात ऐकलेला नाही. प्रश्न विचारला की उठून उभी राहते आणि जमिनीकडे बघते. सहामाहीच्या तोंडीत शून्य.

या तिघांच्या जिवावर जपानशी सामना.

२२ नोव्हें., बुध
भाग्यलक्ष्मीचे वडील शाळेत आले होते. नरसय्या. यंत्रमागाच्या कारखान्यात जकार्डची कार्डं पाडतात, म्हणजे कापडावर नक्षी उठते ती ज्या भोकांच्या पुठ्ठ्यांवरून, ते पुठ्ठे. अंगावर सुताचा कचरा, हात जोडलेले. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागत होते.

म्हणाले, "परत नववी, परत नववी. किती दिवस सर? आईसंगं विड्या वळंल. शाळंत जाऊन पोरगी तोंडच उघडत न्हाय, तर शाळा काय कामाची?"

खरं लिहायचं तर तिला शाळेत ठेवावं असं मला फारसं काही वाटलं नव्हतं. पण दाखल्याची चोपडी कपाटात, कपाटाची किल्ली क्लार्ककडे, क्लार्क रजेवर. म्हणून म्हटलं, प्रदर्शनापर्यंत थांबा, तिला यंत्राच्या कामात घेतलंय. नरसय्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, तिथं चार माणसांसमोर नीट बोलली तर ठेवतो. नाही बोलली तर संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आत दाखला द्यायचा. मी बरं म्हटलं. मुलगी दाराशी उभी होती, तिनं सगळं ऐकलं.

२५ नोव्हें., शनि
सकाळची शाळा. शाळा सुटल्यावर तिघांना प्रयोगशाळेत बसवलं आणि शिकवणारं यंत्र कसं दिसावं ते आधी कागदावर काढा म्हटलं. दिगंबरने पोट, चष्मा आणि हातात छडी काढली. मेहबूबने दोन्ही हातांत छड्या काढल्या. विचारलं, हे काय. दिगंबर म्हणतो, सर, मास्तर म्हणल्यावर छडी असणारच की. चष्मा माझ्यासारखा होता, पोटही. मी हसलो नाही.

भाग्यलक्ष्मीने मास्तर पाठमोरे काढले, तोंड फळ्याकडे. म्हटलं, चेहरा कुठाय? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाहीच. भिंतीशी बोललेलं परवडलं.

२९ नोव्हें., बुध
धड तयार. गोडेतेलाचे दोन रिकामे डबे एकावर एक, डोक्याला सौ.चा पिठाचा डबा. सौ.ला विचारलं नव्हतं. घरी त्यावरून बरंच ऐकलं, ते इथं लिहीत नाही. डोळ्यांच्या जागी टॉर्चचे बल्ब. हे.मा. येऊन नाव ठेवून गेले, 'यंत्रगुरुजी'. (यं.गु.)

यं.गु.ना येत काहीच नाही. बेत असा: प्रश्नाची चार उत्तरं, अ ब क ड, पोटावर चार खिळे. बरोबर खिळा दाबला की घंटा, चुकीचा दाबला की मुलांच्या हट्टाखातर छडी. पण प्रश्न बदलला की बरोबर खिळा बदलतो, म्हणजे आतल्या तारा दर वेळी सोडून पुन्हा जोडायच्या. मेहबूबने तीन प्रश्न केले. चौथ्याला घंटा वाजायला लागली ती थांबेना. शेजारच्या आठवी ब ला वाटलं शाळा सुटली, सगळे दप्तरं उचलून पळाले. निम्मे चौकापर्यंत पोचले होते. हे.मां.नी मला बोलावून शिस्तीवर बोलून घेतलं. यंत्र त्यांचंच.

२ डिसें., शनि
आज टेबलावर पुठ्ठ्याची एक लांब पट्टी पडलेली. भोकं पाडलेली. कुणी आणली विचारलं. शेवटी दिगंबर म्हणाला भाग्यानं आणलीय, जकार्डचं कार्ड आहे. म्हटलं, मग तिला तोंड नाही का? ती खाली बघायला लागली. मग काही न बोलता तिनं एक खिळा उचलला आणि पट्टीवर टेकवला. भोकावर धरला, आरपार गेला. शेजारी धरला, अडला.

मला कळायला पाच मिनिटं लागली. मेहबूबला लगेच कळलं. भोक असेल तिथं खिळा आरपार जाऊन मागच्या पत्र्याला टेकतो, वीज फिरते, घंटा वाजते. भोक नसेल तिथं काही होत नाही. प्रश्न बदलायचा तर कार्ड बदलायचं, तारांना हात लावायला नको. वीज हा धडा मी अठरा वर्षं शिकवतोय.

५ डिसें., मंगळ
चौथ्या तासानंतर तिघांना घेऊन नरसय्यांच्या कारखान्यात. आत शिरताच कान बंद. मागाच्या डोक्यावर कार्डांची माळ, एकमेकांना दोऱ्यानं ओवलेली, गोल गोल फिरते. प्रत्येक फेऱ्याला सुयांची रांग येऊन कार्डावर टेकते. भोकात शिरली ती सुई आपला दोरा उचलते, अडली ती मागं सरते. नरसय्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगत होते. त्या गोंगाटात आमचे यं.गु. मला पहिल्यांदा पुरे दिसले.

आणखी एक. मागांच्या खडखडाटात भाग्यलक्ष्मी मेहबूबला काहीतरी समजावत होती. हात हलवून, भराभर. चांगली बोलत होती. मी दोन पावलं जवळ गेलो तर गप्प झाली.

९ डिसें., शनि
जमलं! एक कार्ड तिनं घरून हातानं पाडून आणलं होतं, माझ्या एका प्रश्नाचं. खिळा भोकात गेला की घंटा. अडला की तो मागं सरतो, दोरी सैल होते, छडी खाली येते. छडी म्हणजे बांबूची काडी, पण बोटांवर बसली की कळतं. दिगंबरने मुद्दाम सात वेळा चुकीचं उत्तर दिलं. आनंद झाला. उगाच कशाला लपवू, फार आनंद झाला. घरी येताना सौ.ला नवा डबा आणला.

१२ डिसें., मंगळ
हे.मा. म्हणतात एका प्रश्नावर शिक्षण होत नसतं, चाळीस पाहिजेत. रविवार सबंध प्रश्न काढण्यात गेला होताच, आज आलेखाच्या कागदावर मांडले. प्रत्येक प्रश्नाची एक ओळ, ओळीत चार घरं, बरोबर उत्तराचं घर लाल पेन्सिलीनं भरलेलं. कागद भाग्यलक्ष्मीकडे दिला. वडिलांना सांग, लाल घर ते बरोबर उत्तर. समजलं?

तिनं कागद बघितला. मग माझ्याकडे. मग पुन्हा कागद. उभीच. मला सहावीचा तास होता, आधीच उशीर. "समजलं का?" म्हणून ओरडलो. मान हलवली आणि गेली. हिला साधा निरोप सांगता येईल का कुणास ठाऊक.

१८ डिसें., सोम
कार्डं आली. चाळीस, दोऱ्यानं ओवून, एकेक भोक असं गोल की बघत राहावं. नरसय्यांनी जेवणाच्या सुट्टीत बसून पाडलीत. मेहबूबने सायकलच्या पायडलवर माळ बसवली. पायडल फिरवलं की पुढचा प्रश्न. तो म्हणाला, सर, एकदा चालवून बघू. पण उद्या शिक्षण खात्याचे एक साहेब शाळा बघायला येणार, हे.मां.ना यं.गु. आधी रुपेरी पाहिजेत. सगळी दुपार डबे रंगवण्यात गेली. रंग ओला, हात लावू नका म्हणून हे.मा. स्वतः दाराशी उभे राहिले. भाग्यलक्ष्मी शाळा सुटल्यावरही दाराबाहेर घोटाळत होती. तिलाही मी घरी पिटाळलं.

१९ डिसें., मंगळ
लिहायचं नव्हतं. लिहितो.

साहेब, संस्थेचे दोन सभासद, सगळे शिक्षक, नववीच्या तिन्ही तुकड्या. हे.मां.नी भाषण केलं. मग पहिला मान स्वतःकडे घेतला. प्रश्न १, सूर्य कोणत्या दिशेला उगवतो. हे.मां.नी सभेकडे बघत, ऐटीत, 'पूर्व' दाबलं. छडी बोटांवर बसली. नववी क हसली. हे.मा. म्हणाले, पुन्हा बघू. पुन्हा बसली. साहेबांनी 'पश्चिम' दाबलं, घंटा. 'उत्तर', घंटा. 'दक्षिण', घंटा. साहेब म्हणाले, "सोलापुरात तीन दिशांनी उगवतो वाटतं, म्हणूनच इतकं ऊन."

पुढचे चार प्रश्न तसेच. बरोबर उत्तराला छडी, चुकीच्याला घंटा. साहेब रुमालानं डोळे पुसत गेले. हे.मा. एक शब्द बोलले नाहीत, हे जास्त वाईट.

मी मात्र बोललो. मेहबूबला, तारा उलट्या जोडल्या म्हणून. तो म्हणाला, तारा बरोबर आहेत सर. मग कार्डं तपासली. चाळीसच्या चाळीस कार्डांत लाल घर तेवढं कोरं आणि बाकीच्या तीन घरांना भोकं. मग तिला बोललो, सगळ्यांसमोर. एक निरोप, एवढाच एक निरोप नीट सांगता येत नाही, तू शाळेत येतेस कशाला. ती रडली नाही. खाली बघत उभी राहिली, तसंच, नेहमीसारखं.

२० डिसें., बुध
भांडायच्या तयारीनं कारखान्यात गेलो. नरसय्यांनी कागद समोर धरला आणि मलाच विचारलं काय चुकलं. म्हणाले, "रंगवलेलं घर म्हणजे नक्षी. नक्षीवर आडवा दोरा दिसायला पायजे, मंजे तितं उभा दोरा उचलायचा न्हाय. उचलायचा न्हाय तर भोक न्हाय. रंगीत घर सोडायचं, पांढरं पाडायचं. आमी असंच करतो की, सर."

यात चुकलं कुठं ते मला सांगता येईना. त्यांच्या पेठेत कुणालाही हा कागद दिला असता तरी हेच झालं असतं. लाल घरात भोक पाडा, हे चार शब्द मी लिहिले नाहीत. लाल घर बरोबर म्हटलं, आणि त्यांनी ते बरोबरच केलं.

मुलगी कामाचं काही सांगते का घरी, असं विचारलं. म्हणाले, लई सांगती. यंत्राचं सगळं सांगती. त्यांना वाटत होतं शाळेतही सांगत असेल.

२१ डिसें., गुरु
मेहबूबला एकट्याला थांबवलं. विचारलं, कार्डं उलटी पडणार हे तिला ठाऊक होतं का? तो आधी टाळत होता. मग म्हणाला, "उसको मालूम था सर. कागद बघितला तेव्हाच मालूम होतं. हमको बोली. मी बोललो सरांना सांग. नाही बोली. बापालाही तुमचाच निरोप दिला, जैसा का वैसा."

का नाही?

तेव्हा त्यानं सांगितलं. गेल्या वर्षीची तोंडी परीक्षा. मी तिला विचारलं, चुंबकाला ध्रुव किती. ती म्हणाली, "रेंडु." मी म्हणालो म्हणे, इथं माणसांच्या भाषेत बोलायचं, नाहीतर विड्या वळायला जा. सगळा वर्ग हसला. मेहबूबही हसला, तेही त्यानं सांगितलं.

"रेंडु म्हणजे दोन, सर."

मला आठवत नाही. हेच सगळ्यात वाईट, मला काही आठवत नाही. कपाटातून गेल्या वर्षीचा गुणांचा तक्ता काढला. तिच्या नावापुढे शून्य, माझ्या अक्षरात, खाली रेघ ओढलेली. मी स्वतः खेड्यातून हाय-न्हाय करत कॉलेजात आलो. पहिलं वर्षभर मागच्या बाकावर तोंड शिवून बसलो होतो, कारण एकदा 'हितं' म्हणालो आणि प्राध्यापकांनी ते सगळ्यांना म्हणून दाखवलं. ते मला अक्षर न् अक्षर आठवतं.

२३ डिसें., शनि
ठरवून गेलो होतो तिला सांगायचं, गेल्या वर्षी माझं चुकलं. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर तारेची टोकं नीट कापा, हाताला लागतील.

काम मात्र झालं. चाळीस कार्डं पुन्हा पाडायला नरसय्यांना सांगायची मला हिंमत नव्हती. भाग्यलक्ष्मीने कागदाच्या तुकड्यावर चित्र काढून मेहबूबकडे सरकवलं. कार्डं तशीच ठेवायची, घंटा हलवायची. बरोबर घराला आता भोक नाही, तिथं खिळा अडून मागं सरतो, तर मागं सरल्यावर जिथं टेकेल तिथंच घंटेची तार आणायची. चुकीच्या घराला भोक आहे, खिळा नुसता आत जातो, आत काही नाही. छडीची दोरी काढावी लागली, तिला जागाच उरली नाही. दिगंबर हळहळला.

आता चुकलं की काहीच होत नाही. परत दाबायचं. हे.मां.ना हे मिळमिळीत वाटतं.

२ जाने. १९७९, मंगळ
मधल्या सुट्टीत चष्मा विसरला म्हणून प्रयोगशाळेकडे वळलो. आतून घंटा. थोड्या वेळानं पुन्हा. दार लोटलेलं. फटीतून बघितलं. भाग्यलक्ष्मी एकटी, यं.गु.च्या बाजूला स्टुलावर. पायडल फिरवते, प्रश्न वाचते, उत्तर म्हणते आणि मग दाबते. तोंडानं म्हणते, मराठीत, स्वच्छ. 'बाष्पीभवन'. घंटा. 'लंबक'. घंटा. एका ठिकाणी अडली, बराच वेळ बसून राहिली. मग स्वतःशी तेलगूत काहीतरी बोलली, मग मराठीत उत्तर. घंटा. मी असताना तिनं एकही चुकवलं नाही.

आत जाऊन शाबासकी द्यावी असं वाटलं. पाऊल उचललंही होतं. पण कारखान्यातलं आठवलं, दोन पावलं जवळ गेलो आणि गप्प झाली ते. परत फिरलो. चष्मा तिथंच राहिला, पुढचे दोन तास आंधळेपणाने घेतले.

५ जाने., शुक्र
प्रदर्शन, दिवस पहिला. आमच्या डावीकडे ज्वालामुखी, उजवीकडे ज्वालामुखी, समोर सांडपाण्याची योजना. यं.गु.पुढे पोरांची रांग. दिगंबर प्रश्न ओरडतो, मेहबूब पायडल मारतो, भाग्यलक्ष्मी मागं बसून माळ सांभाळते. परीक्षक उद्या. तिला म्हटलं, उद्या तू सांगायचंस, कार्डांची कल्पना तुझी. हळू म्हटलं. निदान हळू म्हणायचा प्रयत्न केला. मान हलवली. त्या मानेचा अर्थ मला आता कळेनासा झालाय, पूर्वी वाटायचं कळतो.

६ जाने., शनि
नरसय्या आले होते, इस्त्रीचा सदरा, बरोबर बायको. कोपऱ्यात उभे.

परीक्षक तिघं. एकानं चाळीस कार्डं बघून विचारलं, ही कल्पना कुणाची? दिगंबरनं तिच्याकडे बोट केलं. परीक्षक तिच्याकडे वळले. सांग बाळ. ती उभी राहिली. ओठ हलले असं मला वाटलं. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. आणि मी, माझं तोंड जळो, मी म्हणालो, "सांग ना गं, पटकन." तिनं खाली बघितलं. दिगंबरने सगळं सांगून टाकलं, चांगलंच सांगितलं. ते पुढच्या ज्वालामुखीकडे गेले.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. हे.मा. खूष, साहेबांचा प्रसंग विसरायला तयार झालेत. नरसय्या जाताना हात जोडून म्हणाले, सोमवारी येतो सर, चोपडी काढून ठेवा. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

तिला पाच सेकंदही मिळाले नाहीत. आणि घाई परीक्षकांच्या आधी मी केली.

७ जाने., रवि
काही नाही. सौ. विचारते काय झालंय. सांगितलं सगळं, रेंडुपासून. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मुलीला सांगितलंत का हे?

८ जाने., सोम
नरसय्या अकराला आले. या वेळी क्लार्क हजर, किल्ली हजर, चोपडी टेबलावर. हे.मां.नी सही करायला पेन उघडलं. भाग्यलक्ष्मी वडिलांच्या मागं उभी.

म्हटलं, सर, थांबा जरा. आणि मग सांगितलं, नरसय्यांकडे बघून, कारण तिच्याकडे बघून जमलं नसतं. गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत हिनं बरोबर उत्तर दिलं होतं. तेलगूत दिलं. मी शून्य दिलं आणि नको ते बोललो. मुलगी मुकी नाही, तिचं तोंड मी बंद केलंय. हे.मा. खाकरले, ही बोलायची जागा नव्हे म्हणाले. हरकत नाही, बोलून झालं होतं.

नरसय्या मुलीकडे वळले. "चेप्पु," म्हणाले. सांग. खरं हाय का हे? तिनं मान हलवली. त्या मानेचा अर्थ मात्र मला कळला.

मी म्हटलं, तिला यंत्रासमोर बसवा, चाळीसच्या चाळीस उत्तरं देईल, मी ऐकलंय. हे.मां.ना ही युक्ती आवडली. यं.गु. आणायला शिपाई निघालाही. तेव्हा ती बोलली. त्या 'रेंडु'नंतर माझ्यासमोर पहिल्यांदा.

"यंत्र नको. सरांनी विचारावं."

नरसय्या म्हणाले, मग विचारा. माझ्यासमोर. उत्तर दिलं तर ऱ्हाऊ दे शाळंत. पण आज त्यांची कारखान्यात पाळी होती, उद्या सकाळी येतो म्हणाले. हे.मां.शी पाऊण तास वाद घातला. शेवटी सहामाहीची तोंडी फेरपरीक्षा म्हणून मान्य झालं. उत्तर कुठल्याही भाषेत चालेल, हे मी त्यांच्याकडून लिहून घेतलं. त्यांनी ते लिहिताना 'अपवाद म्हणून' असं दोनदा लिहिलंय.

घरी येऊन पाच प्रश्न काढले. फाडले. पुन्हा काढले. सोपे काढले तर तिला कळेल की दया केली. अवघड काढले तर नरसय्या दाखला घेऊन जातील. उद्याची मला भीती वाटते आहे, परीक्षा घेणाऱ्याला वाटू नये इतकी. प्रश्नांचं एक वेळ जमेल. पण विचारल्यावर ती आधी गप्प उभी राहणार, आणि तेवढा वेळ मी काही बोलायचं नाही, घसा खाकरायचा नाही, घड्याळाकडे बघायचं नाही. हे मी अठरा वर्षांत एकदाही केलेलं नाही.

सौ.ला समोर उभं केलं. म्हटलं, मी प्रश्न विचारतो, तू उत्तर देऊ नकोस, खाली बघ. विचारला. ती खाली बघत राहिली. घरात इतकं शांत कधी नसतं. आणि माझ्या तोंडून निघालंच, "अगं, बोल की."

सौ. म्हणाली, परत.

परत विचारला. या खेपेला जरा जास्त टिकलो, मग पुन्हा तेच. आता ती भाकऱ्या टाकायला उठली आहे. म्हणते, जेवण झालं की आणखी एकदा करू.